निश्चयक शून्य आला तर

(आपल्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना फळ्यावर केलेली आकडेमोड इथे जागच्या जागी घातली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आठवणी सांगायला तीस जण तयार आहेत. तू आठवणी सांगू नकोस. तू एक तास घे. जुन्या वर्गात, बाकावर बसून." मी विचारलं, कशाचा? तर म्हणाले, "गणिताचा घे, म्हणजे सगळे गप्प बसतील." तर आज मॅट्रिक्सचा तास आहे. घाबरू नका, कुणाला फळ्यापाशी बोलावणार नाही. शेवटच्या बाकावर जे बसलेत ते पंचवीस वर्षांपूर्वीही तिथंच बसत होते, हे मात्र मी पाहिलंय.

आपण उस्मानाबाद जिल्ह्यातून पास झालो आणि धाराशिव जिल्ह्यात भेटतोय. मधल्या काळात बरंच काही बदललं. पण गणिताचे सर पहिल्या रांगेत आहेत आणि त्यांचं एक देणं माझ्याकडे बाकी आहे, ते तसंच राहिलंय. तास घ्यायला मी हो म्हटलं त्याचं खरं कारण ते देणं.

१९९७ चा पावसाळा आठवा. दहावीचं बीजगणित, एकसामयिक समीकरणं, क्रेमरची पद्धत. दोन उभ्या रेघांमध्ये चार आकडे लिहायचे आणि सरांच्या आवाजात म्हणायचं, "तिरकं गुणा, तिरकं गुणा, वजा करा." त्या चार आकड्यांतून जो एक आकडा निघतो तो निश्चयक. आपण त्याला डी म्हणायचो. पाढ्यासारखं पाठ केलं होतं सगळ्यांनी. विसरला असाल तर एक उदाहरण करू.

समजा, आमच्या घरी २ किलो तूरडाळ आणि ३ किलो साखर आणली, बिल झालं १०५ रुपये. शेजारच्या काकूंनी त्याच दुकानातून १ किलो डाळ आणि २ किलो साखर आणली, बिल ६० रुपये. दुकानदारानं भाव लिहिलेला नाही, नुसती बेरीज लिहिलीय. तर डाळीचा भाव काय आणि साखरेचा काय? आकडे असे मांडायचे:

२  ३
१  २

तिरकं गुणा, २ गुणिले २, चार. तिरकं गुणा, ३ गुणिले १, तीन. वजा करा, एक. डी बरोबर १. मग डाळीसाठी पहिल्या उभ्या ओळीच्या जागी बिलाचे आकडे घाला: १०५ गुणिले २ वजा ३ गुणिले ६०, म्हणजे ३०. साखरेसाठी दुसऱ्या ओळीच्या जागी घाला: २ गुणिले ६० वजा १०५ गुणिले १, म्हणजे १५. दोन्हीला डीनं भागा. डाळ ३० रुपये, साखर १५ रुपये. हे भाव ऐकून उसासा कुणी टाकला ते मला दिसलं.

आता समजा काकूंनी १ किलो डाळ, २ किलो साखर घेतलीच नाही, तर आमच्या बरोबर दुप्पट घेतली. ४ किलो डाळ, ६ किलो साखर, बिल २१०.

२  ३
४  ६

२ गुणिले ६, बारा. ३ गुणिले ४, बारा. वजा केलं की शून्य. आणि शून्यानं भागायचं नाही, हे आपल्याला कळायच्या वयाआधीपासून बजावलेलं.

असंच एक उदाहरण त्या दिवशी फळ्यावर आलं होतं. सरांनी सांगितलं, डी शून्य आला की 'एकमेव उकल नाही' असं लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचं. आलेख काढून दाखवलाही, की दोन रेषा एकमेकींवर पडतात किंवा समांतर जातात. मी हात वर केला. मला विचारायचं होतं, "सर, रेषा समांतर आहेत हे आपल्याला काढल्यावर दिसतं. पण या चार आकड्यांना ते कसं कळतं? नुसतं तिरकं गुणून वजा केलं तर शून्यच कसं येतं?"

वर्ग हसला. तुमच्यातलेच हसले. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मला नीट सांगता येणार नाही. तुला कळलं की येऊन सांग."

मी पुढं बरंच शिकले, बऱ्याच हुशार लोकांसमोर बसले. मला सांगता येणार नाही, असं भरल्या वर्गापुढं म्हणणारे शिक्षक मला फार भेटले नाहीत.

बारावीला मी लातूरला गेले. मराठी माध्यमातून थेट इंग्रजी. तिथं पहिल्यांदा मॅट्रिक्स भेटली. चौकोनी कंसात आकड्यांचा तक्ता, आडव्या ओळी आणि उभ्या ओळी. मराठीत त्याला आव्यूह असा भारदस्त शब्द आहे, चक्रव्यूहाच्या घरातला वाटतो आणि आत शिरताना मनःस्थितीही तशीच होते. फळ्यावर व्याख्या आली: ज्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य, ती सिंग्युलर. आता सिंग्युलर म्हणजे एकवचन, हे मला आपल्या इंग्रजीच्या बाईंनी चांगलं घोटून घेतल्यामुळे माहीत होतं. तक्ता एकवचनी कसा असेल, याचा विचार करत मी रात्रभर जागी. विचारायची लाज वाटली. इंग्रजीत विचारता आलं नसतं, आणि मराठीत विचारलं असतं तर कुठून आलीय ते कळलं असतं. त्या वर्षी मी एकही प्रश्न विचारला नाही. मॅट्रिक्सच्या प्रकरणात मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले आणि त्यातलं मला काहीही कळलेलं नव्हतं.

पुढं कळलं की माझ्या त्या चुकीत अर्धं उत्तर होतं. गणितात त्या शब्दाचा अर्थ वेगळा, पण काकूंचं दुप्पट बिल बघा. दिसायला बिलं दोन आहेत. माहिती एकच आहे. दुसऱ्या कागदानं नवीन काही सांगितलेलंच नाही. दोन ओळींचा तक्ता, आणि खरं तर तो एकवचनी!

आता मॅट्रिक्स म्हणजे काय ते नीट घेऊ. आपण शाळेत निश्चयक आधी शिकलो आणि मॅट्रिक्स नंतर, इतिहासातही तसंच झालं. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'नऊ प्रकरणे' या ग्रंथात शेतकऱ्याचं उदाहरण आहे: उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या पिकाच्या पेंढ्या, त्यांतून निघालेलं धान्य, आणि प्रश्न हा की एका पेंढीतून किती निघतं. पाटावर काड्यांनी आकडे उभ्या ओळींत मांडून ते सोडवायचे. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त एकाहून अधिक अज्ञात संख्या असल्या की त्यांना रंगांची नावं असत: कालक, नीलक, पीतक. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं सुरू केलेल्या मठाचा शिलालेख आहे, तो १२०७ चा. आपल्याच महाराष्ट्रात बीजगणित रंगीत होतं आणि आपण मात्र एक्स-वायवर दिवस काढले.

जपानचा सेकी आणि जर्मनीचा लायब्नित्स, दोघांनी १६८० ते १७०० च्या दरम्यान, एकमेकांना न ओळखता, निश्चयकापर्यंत मजल मारली. क्रेमरचं पुस्तक १७५० चं. आणि मॅट्रिक्स हा शब्द आला थेट १८५० मध्ये, सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञानं आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. कारण त्या तक्त्याच्या पोटातून निश्चयक जन्माला येतात, असं त्याला दिसलं. म्हणजे मूल आधी सापडलं आणि आईचं नाव शंभर वर्षांनी ठेवलं! त्याचा मित्र केली यानं १८५८ मध्ये या तक्त्यांचा गुणाकार, बेरीज, उलटं करणं, असं सगळं शास्त्र मांडलं. तोवर तक्ता ही नुसती मांडणी होती. केलीनंतर तक्ता हीच एक वस्तू झाली, संख्येसारखी.

गुणाकार मात्र विचित्र. आडवी ओळ गुणिले उभी ओळ, मग बेरीज. असं का, हे मला बारावीत कुणी सांगितलं नाही. आमच्या किराण्याच्या वहीत ते उघड दिसतं. आडव्या ओळीत एका घराचा माल: २ किलो डाळ, ३ किलो साखर. उभ्या ओळीत एका दुकानाचे भाव: ३० आणि १५. बिल कसं करता? डाळीला डाळीचा भाव, साखरेला साखरेचा भाव, आणि बेरीज. झाला मॅट्रिक्सचा गुणाकार. आता घरं दोन घ्या आणि दुकानंही दोन. उमरग्यातल्या दुकानात ३० आणि १५, गावातल्या दुकानात ३२ आणि १६.

२  ३     ३०  ३२
१  २     १५  १६

यांचा गुणाकार:

१०५  ११२
६०   ६४

चार आकडे, चार बिलं. वरची ओळ आमची, खालची काकूंची, डावीकडे उमरगा, उजवीकडे गाव. आणि क्रम उलटा केला, भावांचा तक्ता आधी आणि मालाचा नंतर, तर आकडे निघतील, पण त्यांना अर्थ नाही: त्यात डाळीच्या भावाला साखरेचे किलो गुणले जातील. मॅट्रिक्समध्ये अ गुणिले ब आणि ब गुणिले अ सारखे नसतात हे आपण पाठ केलं. कोणत्याही किराणा दुकानदाराला ते पाठ करावं लागत नाही.

म्हणजे मॅट्रिक्स हे एक यंत्र आहे असं समजा. एका बाजूनं भाव घाला, दुसऱ्या बाजूनं बिलं बाहेर येतात. आणि क्रेमरचा प्रश्न उलटा आहे: बिलं हातात आहेत, भाव परत मिळतील का? यंत्र उलटं फिरवता येईल का?

सर, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका जुन्या पुस्तकात सापडलं. आलेखाच्या कागदावर पहिली ओळ एक बिंदू म्हणून घ्या: २ उजवीकडे, ३ वर. दुसरी ओळ दुसरा बिंदू: १ उजवीकडे, २ वर. आरंभबिंदूपासून दोघांपर्यंत बाण काढा आणि समांतरभुज चौकोन पुरा करा. त्या चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे निश्चयक. इथे १. विश्वास नसेल तर सोपं घ्या: पहिला बिंदू ३ उजवीकडे, दुसरा २ वर. आयत होतो, क्षेत्रफळ ६. आणि तिरकं गुणून वजा करा: ३ गुणिले २ वजा शून्य, ६. (कधी कधी वजा चिन्ह येतं, ते बाणांचा क्रम सांगतं. आज ते सोडून देऊ.)

आता काकूंचं दुप्पट बिल घ्या. २, ३ आणि ४, ६. दोन्ही बाण एकाच रेषेवर पडतात. चौकोन चपटा. क्षेत्रफळ शून्य. त्या चार आकड्यांना रेषांचं वगैरे काही कळत नाही, सर. तिरकं गुणून वजा करणं म्हणजे क्षेत्रफळ मोजणंच आहे, आणि चपट्या चौकोनाला क्षेत्रफळ नसतं.

आणि चपटं झालं की परत जाता येत नाही. डाळ ३०, साखर १५ धरा, बिलं १०५ आणि २१०. डाळ ३६, साखर ११ धरा, बिलं तीच. डाळ ४५, साखर ५ धरा, तरी तीच. बिलावरून मूळ भाव ओळखण्याचा रस्ताच बुजलेला आहे. भिंतीवरच्या सावलीवरून माणूस जाड आहे की बारीक, हे नेहमी कळतं का? तसंच.

इथपर्यंत गणित झालं. हे उत्तर मी सरांना पत्रानंही पाठवू शकले असते. पुढचं पत्रात लिहिण्यासारखं नाही, म्हणून समोर उभी आहे.

आपण सहावीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. या वर्गात कुणालाही त्याचं वर्णन करून सांगायची गरज नाही. माझं आजोळ सास्तूरकडचं. मामांचं घर शंभर वर्षांचं, माळवदाचं. सागाचे खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. भिंती इतक्या जाड की खिडकीत आम्ही पोरं पाय पसरून बसायचो. मामा म्हणायचे, "शंभर वर्षांत याला काही झालं नाही. हे घर हलायचं नाही." त्या पहाटे मामा आणि आजी गेले. आपल्या वर्गात असे आणखी काही जण होते. त्यांची नावं मी इथे घेत नाही, आपल्या सगळ्यांना ती माहीत आहेत.

मी स्थापत्य अभियांत्रिकीला गेले त्यामागे ते घर होतं. आणि नंतर पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आले, ते इमारतींचं गणित करणाऱ्या एका प्रोग्रॅमवर काम करायला. तो प्रोग्रॅम काय करतो, ते सांगायला मी दोन पाट आणि सायकलची जुनी ट्यूब आणलीय. टेबलावरचं बघा.

शहाबादी फरशीवर कॅरमची पावडर टाकलीय, पाट सहज सरकतात. दोन्ही पाट ट्यूबच्या पट्टीनं जोडलेत. पट्टी एक सेंटीमीटर ताणायला एक माप जोर लागतो असं धरू. पहिला पाट जितका सरकला तो एक आकडा, दुसरा जितका सरकला तो दुसरा. प्रत्येक पाटावर किती जोर लागतो, ते दोघांच्या फरकावर अवलंबून. तक्ता असा:

१  −१
−१  १

हा ताठरपणाचा तक्ता. यात सरकणं घातलं की जोर बाहेर येतो. इंजिनिअरचा प्रश्न नेहमी उलटा: वारा, माणसं, छपराचं वजन, म्हणजे जोर, आपल्याला माहीत आहे. घर किती सरकेल ते सांगा. किराण्याच्या बिलासारखाच. तर निश्चयक काढा. १ गुणिले १, एक. वजा १ गुणिले वजा १, तेही एक. वजा केलं, शून्य.

आता दोन्ही पाट एकदम ढकला. बघा, सरकले. ट्यूब ताणलीच नाही. काही विरोधच झाला नाही. शून्य निश्चयक हेच सांगत होता: या रचनेत अशी एक हालचाल आहे जिला अडवणारं कुणी नाही. आता पहिला पाट तशाच दुसऱ्या पट्टीनं खिडकीच्या गजाला बांधला. तक्त्यातल्या पहिल्या १ च्या जागी २ आला. निश्चयक २ वजा १, म्हणजे १. आता ढकलून बघा. दोघंही अडतात. एका पट्टीनं एवढा फरक पडला.

मोठ्या इमारतीला असे हजारो ओळींचे तक्ते असतात, पण गोष्ट हीच. २००५ मध्ये मी त्या कंपनीत नवीन होते. आमचा प्रोग्रॅम मध्येच थांबतो, 'रचना अस्थिर' असं म्हणतो आणि उत्तर देत नाही, अशा तक्रारी यायच्या. काम माझ्याकडे आलं. मला कारण लगेच सापडलं: सोडवताना एका ठिकाणी भाजक शून्य येत होता. मी काय केलं, तर तिथं लिहिलं, शून्य आला तर त्याच्या जागी ०.०००००१ धरावं. प्रोग्रॅम चालायला लागला. एका शेडचं उदाहरण घेऊन तपासलं: चार खांब, वर तुळया, सांधे बिजागरीसारखे, छपराचं वजन वरून खाली. उत्तर सुंदर आलं. खांबांवर बरोबर तेवढं वजन, छप्पर जागच्या जागी. मी खूष होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ बाईंनी ते बघितलं. काही बोलल्या नाहीत. त्याच शेडवर त्यांनी एक जोर वाढवला: बाजूनं, फक्त एक किलोचा. आणि बटण दाबलं. छप्पर कित्येक किलोमीटर लांब गेलेलं पडद्यावर दिसलं. मग त्या म्हणाल्या, "अगं, शून्य खरं बोलत होतं. तू त्याचं तोंड बंद केलंस."

बिजागरीच्या सांध्यांची चौकट, तिरपा आधार नसलेली. वरून कितीही भार टाका, हिशेबात ती उभी राहते, कारण वरच्या भारानं ती बाजूला जायला बघतच नाही. ज्या दिशेला तिच्यात काहीच ताकद नाही, त्या दिशेनं तिला कुणी विचारलेलं नसतं. मी जागेवरून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. शंभर वर्षांत याला काही झालं नाही, असं मामा म्हणायचे. बरोबर होतं त्यांचं. शंभर वर्षं भार वरून खाली होता.

मामांच्या घराचा हिशेब इतका सोपा नाही, हे मी आता शिकलेय. तिथं भिंतींचा प्रश्न मोठा होता. आतला दगडी पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिपा आणि माती, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. धक्क्यानं पदर सुटले आणि वरची ती सगळी पांढरी माती खाली आली. भूकंपानंतर उभी राहिलेली घरं मजबूत करायच्या ज्या सूचना निघाल्या, त्यात भिंतीत आरपार बांध घालणं, माळवदावरची माती कमी करणं आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकणं हे होतं. तिरपा आधार म्हणजे हीच आपली खिडकीच्या गजाला बांधलेली ट्यूब. एक लाकडाचा तुकडा आणि चार खिळे. तो हिशेब त्या काळात कुणाला येत नव्हता असं नाही. तो आपल्या गावापर्यंत आलेला नव्हता.

मी ती ओळ त्याच दिवशी काढून टाकली. प्रोग्रॅम पुन्हा थांबायला लागला. पण नुसतं 'अस्थिर' म्हणण्याऐवजी पुढं एक वाक्य घातलं: ही रचना अमुक दिशेला विनाविरोध सरकू शकते, अमुक क्रमांकाचा सांधा तपासा. त्यावरही तक्रारी आल्या. लोकांना उत्तर हवं असतं, प्रश्न तपासायला वेळ नसतो. पण एका ठेकेदाराचा फोन आला होता, तो म्हणाला, सांध्याचा नंबर दिला ते बरं झालं, तिथं खरंच तिरपी पट्टी लावायची राहिली होती.

ते माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात लहान काम असेल, एका वाक्याचं. पगारवाढीच्या कागदात ते कधी लिहिता आलं नाही.

सर, तुम्ही 'येऊन सांग' म्हणाला होतात. यायला सव्वीस वर्षं लागली. त्यातली बहुतेक वर्षं मला उत्तर माहीत होतं आणि मी आले नाही, कारण इकडं येणारा रस्ता सास्तूरवरून जातो. या वेळी आले.

आता दोन वाजता शाळेची यंदाची दहावी इथे येणार आहे. संयोजकांनी त्यांना जेवायला बोलावलंय, मी त्यांना पाट ढकलायला बोलावलंय. तीन पाट आणि पाच पट्ट्या आहेत, कुठली पट्टी काढली की निश्चयक शून्य होतो ते त्यांनीच शोधायचंय. तुमच्यापैकी कुणाला बसायचं असेल तर बसा, मागचे बाक रिकामे ठेवा, ते मुलांचे आहेत. बाकीच्यांनी जेवून घ्या, शेंगदाण्याच्या पोळ्या गरम आहेत असा निरोप आलाय.

सर, तुम्ही मात्र जरा थांबा. दहावीची वही आणलीय, त्या पानावर तुमची सही राहिली होती.